एकच प्लॉट

स्मरणिकेसाठी दोन पानं लिही, म्हणाले पाळकसाहेब,
तारखा तपासून घे, कुणाला दुखवू नकोस.
तर तारीख : एकोणीसशे सत्त्याऐंशी, फेब्रुवारी.
सिडकोच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
तुमचे अर्ज दोन, देव एकच दिसतोय.
प्लॉटही एकच आहे.
ठरवा आणि या.

ऐक्य झालं ते असं.
पवित्र आत्म्याचं नाव ठरावात मागाहून घातलं,
वेगळ्या शाईत. मी पाहिलंय.

त्याआधी आम्ही नगरकडचे
तुर्भ्याच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात जमायचो.
मोठ्यांचे गुडघे बाकात अडकायचे,
फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिलेला,
त्याच्याखाली उपदेश.
नाशिककडचे कोपरखैरण्याला, अमोलिकांच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटया टाकून.
ते गुडघे टेकायचे. आम्ही बसून डोळे मिटायचो.
त्यांचा प्याला एक, चांदीचा, या ओठावरून त्या ओठावर;
आमच्या चोवीस काचेच्या वाट्या, औषधाच्या मापाएवढ्या.
लेवी पाडळे, रंगाच्या कंपनीत फोरमन,
म्हणायचे, उष्टं ते उष्टंच, चांदीचं असलं म्हणून काय झालं.
हे एस्तेरबाई रणनवऱ्यांच्या कानावर गेलं.
जायचंच होतं.

पहिल्या एकत्र रविवारी भिंती कमरेएवढ्या होत्या.
खाडीवरून वारा, वाऱ्यात कंपन्यांचा सडक्या अंड्यांचा वास,
दोन पेट्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या,
आणि प्रभूच्या प्रार्थनेत, ऐन मधोमध,
आम्ही म्हणालो, आमची ऋणे.
ते म्हणाले, आमचे अपराध.
क्षणभर कुणालाच काही माफ झालं नाही.

मग सात बैठका.
मिनिटबुकात तिसरीची नोंद एवढीच :
चहा झाला. निर्णय झाला नाही.
पाचव्या बैठकीत लेवीमामा म्हणाले,
अपराध काय, माणूस कानांवर हात ठेवून मोकळा होतो.
ऋण वहीत असतं.
एस्तेरबाई रात्रपाळी करून थेट आलेल्या,
नर्सचा पांढरा बूट अजून पायात.
म्हणाल्या, वहीत नसलेलंच जास्त असतं, पाडळे.
यावर कुणी बोललं नाही. हे मिनिटबुकात नाही,
हे आईनं सांगितलं, ती त्या दिवशी बिस्किटं वाटत होती.

शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपापला शब्द म्हणावा.
आमचा आखूड. आम्ही आधी पोचायचो
आणि तिथं उभं राहून त्यांची वाट पाहायचो,
जशी जिन्यात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाहतात.
लहानपणी मला वाटायचं
प्रार्थनेत तो थांबा देवानंच ठेवलाय.

लेवीमामा गेले दोन हजार पाचच्या ऑगस्टात.
जमीन भरावाची, खड्ड्यात खालून पाणी येत होतं,
वाघचौऱ्यांचा बेंजामिन बादलीनं उपसत राहिला
आणि पाळक जरा लवकर बोलले.
एस्तेरबाई कडेला, छत्री न उघडता.
मी त्यांच्याशेजारी होते.
त्या जागी आल्यावर मला ऋणे ऐकू आलं,
त्यांच्या तोंडून, आखूड.
तेवढ्यात रस्त्यावरून कंटेनर गेला.
शपथेवर नाही सांगणार.
पुढच्या रविवारी त्या पुन्हा अपराधच म्हणाल्या,
आणि थोड्या मोठ्यानं.

आता पेटी एकच, कीबोर्ड.
प्याला कपाटात आहे, किल्ली कोणाकडे ते माहीत असलेले दोघं पुण्याला गेले.
वाट्या प्लॅस्टिकच्या, एकदा वापरून टाकायच्या.
मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, अडखळत नाहीत.

पाळकसाहेब, दोन पानं भरली.
तारखा बरोबर आहेत, दुखवलेल्यांतले बरेच हयात नाहीत.
फक्त एक विचारायचंय :
प्लॉटचं लीजभाडं तीन वर्षं थकलंय,
ताळेबंद स्मरणिकेत शेवटच्या पानावर जाणार,
त्यात ते कोणत्या शब्दाखाली दाखवू,
ते तेवढं कळवा.